शिक्षा चालू आहे

जमादारांच्या घरी वर्षातून एकदा परदेशातून फोन यायचा, आणि त्या दिवशी जमादार दाढी करून बसायचे.

एरवी त्यांना कशाचीच हौस उरली नव्हती. अर्धं अंग लुळं पडलं तेव्हापासून उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, दुसऱ्याच कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. पण फोनच्या दिवशी डाव्या हाताने, गालावर ठिकठिकाणी कापून घेत, ते दाढी उरकायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे आणि फोनसमोर ताठ बसायचे. जन्मभर तुरुंगात नोकरी केलेला माणूस. मोठ्या साहेबांची फेरी असली की असंच बसायची सवय.

बोलायची मात्र जमादारीण. जमादारांची जीभ आता शब्दाशब्दाला अडखळायची, हे एक कारण. दुसरं म्हणजे तिचा नेम. सकाळी देवापुढे दिवा लावला की दिवसभर खोटं बोलायचं नाही, हा तिचा लग्नाच्या आधीपासूनचा नेम होता, आणि तो तिने एक दिवस मोडला नव्हता. या नेमापायी जमादारांनी किती वेळा कपाळाला हात लावला असेल! दारात कुणी नको असलेला माणूस आला की ते आतून खुणा करायचे, घरात नाही म्हणून सांग. आणि ही दारात उभी राहून अगदी हळू आवाजात म्हणायची, "आहेत घरात. पण तुम्हाला भेटायची इच्छा नाही म्हणतात." आयुष्यभर जमादार यावरून चिडले, आता म्हातारपणी त्यांना तोच नेम उपयोगी पडत होता. बायको सांगेल ते काळ्या दगडावरची रेघ.

फोन यायचा तो त्यांच्या मुलाला मारणाऱ्याबद्दल.

एकुलता एक मुलगा. परदेशी गेला, गोदामात कामाला लागला, आणि तिथल्या एका रस्त्यावर, कुणाला कुणाचा धक्का लागला यावरून झालेल्या भांडणात, दारू प्यालेल्या एका पोरसवदा माणसाने त्याच्या पोटात सुरी खुपसली. ना ओळख, ना वैर. त्या देशात फाशी नाही. त्या माणसाला कित्येक वर्षांची कैद ठोठावली, आणि दर वर्षी तिथल्या कचेरीने मेलेल्याच्या घरच्यांना त्याची खबर द्यायची, असा तिथला कायदा.

खबर द्यायची एक दुभाषीण. मुलगी गोड होती, फोन उचलला की "मावशी, कशा आहात?" म्हणायची. तिची आजी आपल्याकडची. आजीकडून भाषा शिकली, पण आजी लवकर गेली, मग उरलेले शब्द तिने शेजारपाजारच्या भाषांमधून उचलले. तिचं बोलणं म्हणजे नाना रंगांची ठिगळं लावलेली चादर. पांघरूण मिळायचं, पण एखादा पाय उघडा राहायचा.

"तो ठीक आहे, मावशी. त्याचा शिक्षा चालू आहे."

"रोज?"

"रोज, रोज. सकाळपासून. फार कडक आहेत तिथले लोक. चुकलं की पुन्हा करायला लावतात."

जमादारीण वळून नवऱ्याला सांगायची, "चुकलं की पुन्हा करायला लावतात म्हणे."

"उठाबशा," जमादार ठरवून टाकायचे. "उठाबशाच. नाहीतर दगड फोडायला." आणि त्या दिवशी एक पोळी जास्त खायचे.

मागच्या वर्षी दुभाषिणीने एक निराळी गोष्ट विचारली. "मावशी, त्याचा शिक्षा आता पुढच्या पायरीवर न्यायचा आहे. तुमची हरकत नाही ना? तुम्ही नाही म्हणाल तर नाही होणार."

जमादारांनी काठी जमिनीवर आपटली. "वाढवा म्हणावं! विचारतात काय?"

"हरकत कसली?" जमादारीण म्हणाली. "वाढवा. जन्मभर चालू दे."

दुभाषीण भारावून म्हणाली, "मावशी, तुमचं मन फार मोठं आहे हो."

जमादारिणीला ते जरा चमत्कारिक वाटलं. तिकडची बोलायची रीत असेल, म्हणून तिने सोडून दिलं.

*

काठी आपटली की घरात आणखी एक गोष्ट व्हायची. मागच्या खोलीत मामा उठून उभा राहायचा.

मामा म्हणजे जमादारिणीचा धाकटा भाऊ. मुलगा त्याला मामा म्हणायचा म्हणून घरादाराचाच मामा झाला. घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून बसला की त्याच्या चिमट्यात डासाच्या पायाएवढा स्क्रूसुद्धा हलायचा नाही. भाच्याचं सगळं बालपण त्या टेबलाखाली गेलं. पोर पडलं, झडलं, बोट कापलं, तरी "आई गं" म्हणून कधी ओरडलं नाही, हाक मारायची ती "मामा! मामा!" जमादारीण गमतीने म्हणायची, "नऊ महिने मी वागवलं, आणि फळ खातोय हा."

पुढे मामाला पत्त्यांचा नाद लागला आणि दुकानमालकाच्या कपाटातलं सोन्याचं एक घड्याळ त्याने विकलं. पकडला गेला. गेला तो मेहुण्याच्याच तुरुंगात. लोक म्हणाले, चला, निदान घरचं माणूस आहे तिथे. तिथेच घोटाळा झाला. नात्याचा म्हणून सूट दिली असं कुणी म्हणू नये, यासाठी जमादारांनी त्याला सगळ्यांपेक्षा दोन काठ्या जास्तच दिल्या. अंधारकोठडीत इतरांना आठवडा, तर याला महिना. "चोख माणूस," म्हणून साहेबांनी जमादारांची पाठ थोपटली होती. घरी येऊन त्यांनी ते बायकोला सांगितलंही होतं. तिने ताट वाढलं, स्वतः जेवली नाही.

मामा सुटून आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. सदऱ्याचं बटण लावता येईना, तिथे घड्याळ कुठलं? काम कुणी दिलं नाही, मग एका दुकानातून पाव उचलला, पुन्हा आत गेला, पुन्हा आला. आता मागच्या खोलीत असायचा. काठीचा आवाज झाला की उठायचा, भिंतीकडे तोंड, हात पाठीमागे. आणि कुणीही हाक मारली की एकच शब्द: "हजर." ताईने "जेवायला ये रे" म्हटलं तरी "हजर". जमादारांनी "बस" म्हटल्याखेरीज खाली बसायचा नाही. ताईने हजारदा म्हणून पाहिलं. तिच्या शब्दाने त्याचे गुडघे वाकायचेच नाहीत.

मुलगा परदेशी निघाला तेव्हा मामा आतच होता. निरोप राहून गेला.

*

या वर्षी फोनवर दुभाषीण म्हणाली, "मावशी, तुम्हाला येऊन त्याला बघायचं आहे? इथलं सरकार तुम्हाला आणेल, पोचवेल. त्याचा शिक्षा आता संपत आला."

जमादारांना प्रवास शक्यच नव्हता. "तू जा," ते म्हणाले. एकेक शब्द जड वजन उचलावं तसा उचलत होते. "डोळ्यांनी बघ. आणि मला येऊन सांग. जसंच्या तसं. तुझा नेम आहे."

शेजारीण दोन्ही वेळचं जेवण द्यायला कबूल झाली. जमादारीण निघाली, पण पाय उंबऱ्यात अडखळला. मागे घरात दोघे पुरुष आणि त्यांच्यामध्ये ती काठी.

पोचली तेव्हा दुभाषीण न्यायला आली होती. फोनवर वाटायची त्याहून लहान होती. वाकून पाया पडली, पण डाव्या हाताने. गाडीतून एका साध्या बाजारपेठेत आणलं. एका बाजूला चपला दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला औषधांचं दुकान, मध्ये शिंप्याचं.

"तुरुंग कुठे आहे?" जमादारिणीने विचारलं.

"तो तुरुंगात फक्त झोपायला जातो, मावशी. दिवसा इथे असतो. तुम्हीच तर हो म्हणालात." दुभाषीण कौतुकाने तिच्याकडे बघत होती. "पुढच्या महिन्यात परीक्षा. मग त्याचा शिक्षा पूर्ण. कागद मिळणार, शिंपी म्हणून."

"परीक्षा?"

"शिक्षेची परीक्षा."

जमादारीण रस्त्यातच उभी राहिली. तिला ऐकू सगळं आलं होतं, पण मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागला.

"पोरी," ती अगदी हळू म्हणाली, "शिक्षा म्हणजे काय?"

"म्हणजे... शिकणं. शाळा. गुरुजी शिकवतात ते." दुभाषिणीचा चेहरा हळूहळू उतरला. "नाही का? आमच्या शेजारी ज्या काकू राहायच्या, त्या म्हणायच्या, मुलांची शिक्षा चांगली झाली पाहिजे. मग... तुमच्याकडे काय म्हणतात?"

इतकी वर्षं ऐकलेली एकेक ओळ उलटी होऊन जमादारिणीच्या अंगावर येत होती. रोज, सकाळपासून. कडक लोक. चुकलं की पुन्हा. वाढवा. जन्मभर चालू दे. आपल्या तोंडाने आपण त्याला दार उघडून दिलं.

तिने काचेतून आत पाहिलं.

एक माणूस दिव्याखाली बसला होता. कानशिलाजवळ केस पांढरे झालेले, वयाच्या आधीच. त्याने सुई उजेडाकडे धरली, दोरा ओठात ओला केला, आणि पहिल्याच झटक्याला ओवला. हात जराही हलला नाही. मग त्याने शेजारची कात्री उचलली. लांब पात्यांची, कापड कापायची कात्री.

जमादारांच्या तुरुंगात कैद्याला चमचासुद्धा मोजून देत आणि मोजून परत घेत.

"ह्याच्या हातात कात्री?" ती म्हणाली. "ह्याच्या?"

*

आत एक पिकल्या केसांची बाई बसली होती, तिथल्या तुरुंगाची अधिकारी. कमरेला किल्ल्या नाहीत, काठी नाही. दुभाषिणीने तिला सगळं सांगितलं, सांगताना रडली. अधिकारीणबाईने सगळं ऐकून घेतलं. मग बोलली, आणि दुभाषीण एकेक शब्द चाचपडत सांगू लागली. आता तिला कुठल्याच शब्दाचा भरवसा उरला नव्हता.

"त्या म्हणतात, चूक आमची. तुम्ही जे दिलं नव्हतं, ते आम्ही घेतलं. तुम्ही आत्ता नाही म्हणालात तर तो आजच परत आत जाईल. परीक्षा नाही, दुकान नाही."

"आत म्हणजे? तिथे काय करेल?"

"खोलीत राहील. जेवण वेळेवर. मार नाही."

"पण बसून राहील."

"हो. भिंती आणि तो."

जमादारीण 'नाही' म्हणायलाच उभी होती. शब्द ओठावर होता. माझ्या भावाने एक घड्याळ विकलं तर त्याचे हात मेले, आणि ह्याने माझं पोर मारलं तर ह्याच्या हाताला कसब आलं? कुठल्या देवाच्या दरबारातला हा हिशेब? तिला नवऱ्याचा चेहरा दिसत होता, कापून घेतलेल्या गालांचा, दाढी करून बसलेला.

"मला त्याला एक विचारायचंय," ती म्हणाली. "मग सांगते."

त्याला आणलं. येण्याआधी त्याने कात्री टेबलावर ठेवली, टोक स्वतःकडे, मूठ दुसरीकडे. तिच्यासमोर उभा राहिला आणि घोकून पाठ केलेल्या आवाजात, तिच्या भाषेत म्हणाला, "आई, मला—"

"ते म्हणू नकोस," जमादारीण म्हणाली. दुभाषिणीला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. त्याने मान खाली घातली.

"त्याला विचार, माझा मुलगा शेवटी काय म्हणाला."

तो खालच्या आवाजात बोलू लागला, आणि दुभाषीण त्याच्या तोंडाकडे बघत बघत सांगत होती.

"तो म्हणतो, शिवी दिली नाही. मदत मागितली नाही. आईला हाक मारली. आमच्या इथे लहान मुलं आईला तसंच म्हणतात, म्हणून त्याला कळलं. रोज ऐकू येतं म्हणतो. दोनदा मारली हाक." ती थांबली. "मामा, मामा."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

तो माणूस जमादारिणीकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यात दिसत होतं की इतकी वर्षं तो हीच हाक उशाशी घेऊन झोपतो: मरणाऱ्याने आईला बोलावलं, आणि ती आई आज समोर उभी आहे. त्याची चूक तिला दुरुस्त करता आली असती. तिने केली नाही. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे तिने पहिल्यांदाच स्वतःला सांगितलं.

पोराने हाक मारली तेव्हा ज्याला मारली तो कुठे होता? भिंतीकडे तोंड करून उभा होता. हात पाठीमागे.

"मावशी?" दुभाषीण म्हणाली. "काय सांगू त्यांना? शिक्षा..." तिची जीभ अडली. "ते... चालू ठेवायचं?"

"माफी नाही म्हणावं," जमादारीण म्हणाली. "हे आधी सांग. नीट सांग, ह्यात चूक करू नकोस. माफी नाही, आज नाही, पुढेही नाही." मग तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. स्थिर होते. ते तिला बघवत नव्हते आणि नजर हटतही नव्हती. "पण भिंतीकडे बघणारा माणूस माझ्या घरात एक आहे. दुसरा मला नको. चालू ठेवा."

निघताना त्याने कापडाची एक पिशवी पुढे केली, स्वतः शिवलेली. तिने हात लावला नाही.

*

घरी आली तेव्हा शेजारीण दारातच भेटली. "तुमचे बंधू जेवले नाहीत हो. कालपासून ताट तसंच."

मामा मागच्या खोलीत उभा होता. भिंतीकडे तोंड. पाय सुजून खांबासारखे झालेले.

"मी काही केलं नाही," जमादार खुर्चीतून म्हणाले. "नुसता चालत होतो घरात. काठी तर टेकावीच लागते." जरा थांबून पुढे म्हणाले, "बस म्हणायचं राहिलं."

राहिलं की ठेवलं, ते तिने विचारलं नाही. दाढी केलेली होती. इस्त्रीचा सदरा होता. ती यायची म्हणून.

"बघितलंस?"

"बघितलं."

"शिक्षा चालू आहे?"

"चालू आहे," जमादारीण म्हणाली.

"रोज?"

"रोज. सकाळपासून. मान खाली घालून."

"चुकलं की?"

"पुन्हा करायला लावतात. उसवून पुन्हा."

"उसवून?" जमादारांचे डोळे चमकले. त्यांनी त्याचा काय अर्थ घेतला, देव जाणे. "सोलतात म्हण की! आणि सुधारला का तो? रडला?"

"रोज त्याला आपल्या मुलाची हाक ऐकू येते."

जमादारांनी खुर्चीच्या पाठीला मान टेकली. डावा गाल ओला झाला. उजव्याला ते जमत नव्हतं. "चांगलं आहे," ते म्हणाले. "चांगलं आहे. तू सांगतेस म्हणजे खरं." मग लहान मुलासारखे म्हणाले, "भूक लागली गं."

एकही शब्द खोटा नव्हता. नेमाला तडा गेला नव्हता. तरी देवघरासमोरून जाताना तिने नजर वर केली नाही, आणि आता रोजच असं जावं लागणार हे तिला कळून चुकलं.

ती चुलीकडे गेली नाही. नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "आधी त्याला बस म्हणा."

"कुणाला?"

"तुम्हाला माहीत आहे कुणाला. आधी तो बसेल, मग ताट वाढेन."

आवाज तिने चढवला नव्हता. तिचा आवाज कधीच चढत नसे. जमादारांनी तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या खोलीकडे तोंड वळवलं, आणि जड जिभेने तो शब्द ढकलला. "बस."

मामा आहे तिथेच बसला. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यावर, दिसतील असे.

जमादारीण त्याच्याशेजारी जमिनीवर टेकली. त्याचं एक बटण सुटलं होतं, ते लावलं. सुजलेल्या पावलावर हात ठेवला. जमादारांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"अरे," ती म्हणाली, "पोराने शेवटी तुला हाक मारली रे. दोनदा. मामा, मामा म्हणाला."

मामाचे हात गुडघ्यावर थरथरत होते. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"हजर," तो म्हणाला.